बुचाचा दोरा

झेली म्हातारी गेली त्या हिवाळ्यात एस्त्रेवालच्या बायकांना एकच चिंता लागली होती, आणि ती म्हातारीच्या आत्म्याची नव्हती. बूच आता कुणाकडे जाणार?

उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं, चिंता त्याचीच होती. दर्यात नवरा गमावलेल्या बायकांत जी वयाने सर्वांत मोठी, तिच्याकडे बूच. झेलीच्या मागे ओदील. दोघींच्या मध्ये कुणी नाही. लेओंतीन होती म्हणा, पण ती जन्मभर स्वतःचं वय कमी करून सांगत आलेली, आता एकाएकी ते वाढवणार कसं?

तसं पाहिलं तर ते बाटलीचं साधं बूच. काळं पडलेलं, कडेला झिजलेलं, लांब मेणदोऱ्याला बांधलेलं. पण ऑगस्टात दर्याला आशीर्वाद द्यायचा सण आला की अख्खं गाव त्याच्याकडे डोळे लावून बसायचं. खाडी भरतीने तुडुंब होत आली की बूचवाली विधवा धक्क्याच्या पायऱ्या उतरून पाण्याशी जायची आणि बूच सोडायची. पाणी चढतंय तोवर बूच गावाकडे ओढ घेणार. मग जागच्या जागी घुटमळणार. मग हळूच समुद्राकडे वळणार. तेव्हा तिने हात वर करायचा, आणि धक्क्याच्या टोकावर उभ्या माणसाने पुष्पचक्र पाण्यात सोडायचं, म्हणजे ओहोटी ते बुडालेल्यांपर्यंत पोहोचवणार. तिचा हात वर होत नाही तोवर चक्र सुटत नाही. एकदा बिशप आले होते, तेसुद्धा भर उन्हात मुकाट्याने थांबले होते.

आणि चक्र परत आलं तर? तर बुडालेल्यांनी ते नाकारलं. ज्याने सोडलं त्याच्या हातचं त्यांना नको. मग त्याने स्वतः पाण्यात उतरायचं, ते उचलायचं, आपलं आणि मेलेल्यांचं काय वाकडं आहे ते गावासमोर सांगायचं, आणि पुन्हा हात वर होण्याची वाट पाहायची. हयात माणसांपैकी कुणी हे घडलेलं पाहिलं नव्हतं. झेलीच्या आजीच्या काळात म्हणे एकदा घडलं होतं, आणि त्या माणसाच्या पतवंडांकडून अजूनही कुणी मासळी घेत नव्हतं.

बूच नव्या बाईच्या घरी पोहोचवायचं ते मच्छीमार मंडळाच्या अध्यक्षाने. अध्यक्ष होता ओमेर. म्हणून वीसेक वर्षांनी ओमेर ओदीलच्या दारात येऊन उभा राहिला, टोपी काढलेली, लंगडा पाय उंबऱ्याबाहेर.

ओदील चुलीवर करडी कोळंबी उकडत होती. तिने त्याला बस म्हटलं नाही.

"बूच आणलंय," तो म्हणाला.

"दिसतंय. ठेव तिथे."

त्याने ते टेबलावर ठेवलं, पण गेला नाही. "मंडळात काही जण कुरकुरत होते. बास्तियेंच्या बायकोला हा मान कसा द्यायचा म्हणून. मीच म्हटलं, रीत ती रीत. त्याने जे केलं त्यात तिचा काय दोष?"

"उपकार झाले."

"टोमणे नको मारूस गं. किती वर्षं झाली! सोडून दे आता. आपण दोघं म्हातारे झालो."

"तू झालास," ओदील म्हणाली. "बास्तियेंला कुठे होता आलं?"

ओमेर टोपी हातात फिरवत राहिला. कोळंबीच्या वाफेने खोली भरली होती आणि त्याच्या कपाळावर घाम आला होता. वाफेचा असेल, नसेलही.

"यंदा चक्र कोण सोडणार?" तिने विचारलं.

"मीच. दरवर्षी मीच सोडतो."

"हो की. विसरलेच मी."

ओदील काहीएक विसरली नव्हती. ती विसरभोळी असती तर तिचं आयुष्य पुष्कळ सोपं गेलं असतं.

बास्तियेंच्या होडीचं नाव 'क्लेमांस'. तिच्यावर चार माणसं गेली होती: होडी चालवणारा तांडेल बास्तियें, ओमेर, लेओंतीनचा नवरा इझिदोर आणि इझिदोरचा भाऊ. धुक्यात परत येताना खाडीच्या मुखाशी होडी वाळूच्या दांड्यावर चढली आणि उलटली. एकटा ओमेर परत आला, मोडका पाय ओढत. ओठ निळे पडलेले, आणि त्या निळ्या ओठांनी त्याने सांगितलं, बास्तियें दारू पिऊन सुकाणूवर होता, आम्ही ओरडत होतो, त्याने ऐकलं नाही. संपलं. जिवंत आणि जखमी माणूस बोलत होता, मेलेला गप्प होता. गावाने जिवंताचं ऐकलं. त्या वर्षापासून सणाला बुडालेल्यांची नावं वाचली जात, त्यात इझिदोरचं आलं, त्याच्या भावाचं आलं, बास्तियेंचं नाही. ज्याने माणसं बुडवली त्याचं नाव बुडालेल्यांत कसं घ्यायचं?

पण ओदीलला माहीत होतं. होडी निघायच्या आदल्या दिवशी बास्तियेंचा उजवा अंगठा जाळं ओढायच्या रहाटात चेंगरला होता. तिने स्वतः जुन्या चादरीची पट्टी फाडून तो बांधला होता, वर शिंपिणीसारखी दुहेरी गाठ मारली होती. आठवड्याने प्रेत चिखलात मिळालं तेव्हा पट्टी जशीच्या तशी होती. गाठ तिची, कापड कुठे घासलेलं नाही, विरलेलं नाही. त्या हाताने त्या लाटांत कुणी सुकाणू धरलं असतं तर पट्टीच्या चिंध्या झाल्या असत्या, हे या गावातल्या कुणालाही सांगावं लागू नये. तिने सांगितलं. मंडळाला सांगितलं, एकामागून एक आलेल्या प्रत्येक पाद्र्याला सांगितलं. "बायकोचा जीव असतोच नवऱ्यावर," असं म्हणून सगळ्यांनी तिच्या खांद्यावर थोपटलं. तिला त्या थोपटण्याची अजून किळस यायची.

लेओंतीन तिच्या दारावर थुंकून गेली होती. ओदीलच्या शिंपल्या गावात खपेनात, ती टोपली घेऊन खाडीपलीकडच्या बाजाराला जाऊ लागली. मुलगी नोएल शाळेतून रडत यायची, दारुड्याची पोर म्हणून. मोठी झाली आणि लील शहरात निघून गेली, ती नाताळलासुद्धा आली नाही. ओदीलला पैसा नको होता, माफी नको होती. तिला धक्क्यावरून बास्तियेंचं नाव हवं होतं, मोठ्याने, सगळ्यांच्या देखत. आणि आता तिच्या टेबलावर, कोळंबीच्या सालांशेजारी, ते मिळवायचं हत्यार पडलं होतं. शत्रूने स्वतःच्या हाताने आणून दिलेलं.

त्या रात्री तिला अनेक वर्षांनी गाढ झोप लागली.

सणाचा दिवस लख्ख उजाडला. बँड वाजत होता आणि नेहमीप्रमाणे बेसूर वाजत होता. मुलींनी मेरीमातेची मूर्ती खांद्यावर आणली. पुष्पचक्र खारवटातल्या जांभळ्या फुलांचं होतं, बायकांनी दोन दिवस बसून विणलेलं. ओदीलला विणायला कुणी बोलावलं नव्हतं. हात वर करायला मात्र तीच लागणार होती.

काळा झगा घालून ती पायऱ्या उतरली. मागून लेओंतीन आली, कारण जिच्याकडे पुढे बूच जायचं तिने एक पायरी वर उभं राहायचं अशी रीत होती. दोघी वीस वर्षांत इतक्या जवळ उभ्या राहिल्या नव्हत्या.

"नीट बघ हो," लेओंतीन पुटपुटली. "घाई करू नकोस."

"तुझीच घाई दिसते. मी मरेपर्यंत तरी थांब."

ओदीलने बूच सोडलं. ते गावाच्या बाजूला धावलं आणि दोरा तिच्या बोटाला काचू लागला. वर पाद्री नावं वाचत होते, जुन्यांपासून नव्यांपर्यंत. प्रत्येक नावाला त्या घरची माणसं मान खाली घालत. 'क्लेमांस'ची पाळी आली. इझिदोर. त्याचा भाऊ. मागे लेओंतीनचा श्वास अडकलेला ओदीलला ऐकू आला. मग पाद्र्यांनी पान उलटलं आणि पुढची होडी घेतली.

दरवर्षी त्या पान उलटण्याच्या आवाजाला ओदील मान फिरवायची. यंदा फिरवली नाही.

नावं संपली. बँड थांबला. सगळ्यांच्या नजरा तिच्यावर आल्या. बूच अजून गावाकडेच ओढत होतं, चांगलं जोरात ओढत होतं. धक्क्याच्या टोकावर ओमेर चक्र धरून उभा होता, छातीवर मंडळाचं पदक, दाढी नुकती घोटलेली. तिने त्याच्याकडे बघून हात वर केला.

एरवी हात वर होताच चक्र पाण्यात पडायचं. आज जरा वेळ लागला. ओमेरने पाण्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग पुन्हा पाण्याकडे. धक्क्यावर कुणीतरी खोकलं. मग त्याने वाकून चक्र सोडलं.

चक्र क्षणभर डुललं आणि वळलं. समुद्राकडे पाठ करून ते धक्क्याच्या कडेकडेने आत येऊ लागलं, बँडवाल्यांच्या खालून, मूर्तीच्या खालून, टोप्या काढून उभ्या असलेल्या माणसांच्या खालून. एक मूल "आई, ते परत आलं" म्हणालं आणि त्याच्या तोंडावर हात पडला. चक्र ओदीलच्या पायरीशी येऊन दगडाला थडकलं आणि तिथेच थांबलं.

"ओमेर," ओदीलने हाक मारली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही, इतका तो गोड होता. "ये. तुझं आहे."

तो आला. पूर्ण धक्का ओलांडून आला, पाय ओढत, आणि माणसं बाजूला होऊन त्याला वाट देत गेली. तो दोघींना ओलांडून पाण्याखालच्या पायऱ्यांवर उतरला. गुडघे बुडाले, कंबर बुडाली. त्याने चक्र उचललं.

"सुकाणू माझ्या हातात होतं," तो म्हणाला.

"मोठ्याने बोल. बँडवाल्यांना ऐकू गेलं नाही."

"सुकाणू माझ्या हातात होतं!" तो ओरडला. "बास्तियेंचा अंगठा दुखावला होता, म्हणून त्याने मला दिलं. तो सांगत होता, बाहेरून घे, दांडा सरकलाय. मी म्हटलं, मला शिकवू नकोस."

"प्यायलं कोण होतं?"

"मी. बास्तियेंने थेंबसुद्धा घेतला नव्हता."

लेओंतीन एक पायरी खाली आली. तिच्या चेहऱ्यावर रक्ताचा टिपूस नव्हता. "मग मेल्या, त्याचं नाव का घेतलंस?"

"तू दारात उभी होतीस, लेओंतीन. तू मला धरून गदागदा हलवत विचारत होतीस, कुणी बुडवलं, कुणी बुडवलं. माझ्या तोंडातून त्याचं नाव निघालं. वाटलं, मेलेल्याला काय फरक पडतो. मग ते परत घेता येईना."

"मेलेल्याला नाही पडला," ओदील म्हणाली. "मला पडला. माझ्या पोरीला पडला."

वरून पाद्री घसा साफ करत म्हणाले, "ओमेर, देव दयाळू आहे, तू कबूल केलंस, आता..."

"फादर, देवाचं मागाहून बघू," ओदील म्हणाली. "नावं पुन्हा वाचा."

पाद्र्यांनी वाचली. पुन्हा पहिल्यापासून. तोवर बूच घुटमळलं, थबकलं आणि समुद्राकडे वळलं. दोरा दुसऱ्या बाजूने काचू लागला. पाद्री 'क्लेमांस'पाशी आले, इझिदोरचं नाव घेतलं, त्याच्या भावाचं घेतलं, आणि अडखळले, कारण कागदावर पुढे काही नव्हतं. ते गोंधळून पुढच्या होडीवर गेले. त्यांनी यादी संपवली.

ओदीलने हात वर केला नाही.

आता ओहोटी सगळ्यांना दिसत होती. ती इथे चोरपावलांनी येत नाही, एकदा लागली की खाडी रिकामी करूनच थांबते. पाणी ओमेरच्या कंबरेला ओढू लागलं. तो मोडका पाय रोवून, चक्र छातीशी धरून उभा होता आणि त्याचे दात वाजत होते. बँडवाले बघत होते, मूर्तीवाल्या मुलींचे खांदे दुखत होते, आणि पाणी उलटलं असं म्हणायची कुणाची छाती नव्हती. ते म्हणायचं ओदीलने. तिचा हात झग्याच्या बाजूला सरळ लोंबत होता आणि तिला कसलीही घाई नव्हती. तिला फार बरं वाटत होतं. असं बरं वाटणं चांगलं नाही हे तिला कळत होतं, आणि तरी फार बरं वाटत होतं.

"ओदील," ओमेर म्हणाला, "पाय निसटतोय माझा."

"एक नाव राहिलंय."

त्याने डोळे मिटले. मग मान वर केली आणि सगळ्या ताकदीने ओरडला, "बास्तियें मोरेल!"

"कुठल्या होडीचा?"

"'क्लेमांस'चा! 'क्लेमांस'चा तांडेल, बास्तियें मोरेल!"

पलीकडच्या काठावर चरणाऱ्या मेंढ्यांनी माना वर केल्या. ओदीलने हात वर केला. ओमेरने चक्र सोडलं आणि ओहोटीने ते सरळ उचललं, धक्क्याच्या टोकाजवळून, दांड्याच्या बाहेरून, जिथून बास्तियेंने होडी घ्यायला सांगितली होती तिथून नेलं. जांभळा ठिपका दिसेनासा होईपर्यंत ती बघत राहिली. तिला रडू आलं नाही. रडायचं ते तिचं कधीच रडून झालं होतं.

ओमेर पायऱ्या चढू लागला. तिच्याशी आला तेव्हा थांबला आणि तिलाच ऐकू जाईल असं म्हणाला, "तू हात वर केलास तेव्हा पाणी चढत होतं. मला दिसत होतं, ओदील. तरी मी सोडलं."

तो तिच्या तोंडाकडे बघत होता. काहीतरी मिळेल अशा आशेने बघत होता. ओदीलच्या अंगाची लाही लाही झाली. वीस वर्षं जपलेला सूड तिने स्वतःच्या हाताने घेतला होता, आणि हा आता म्हणत होता की मीच तो तुला वाढला. वर हे गुपित पोटात ठेवून तो तिच्यावर उपकार करणार. मरेपर्यंत रस्त्यात भेटला की असाच बघणार. आपण दोघं खोटारडे, तू माझी, मी तुझा.

नाही. त्याचं तिला काहीही नको होतं, गप्प बसणंसुद्धा नको होतं.

ती धक्क्याकडे वळली. "ऐका सगळे! मी पहिल्यांदा हात वर केला तेव्हा पाणी उलटलं नव्हतं. मी खोटा हात वर केला. मुद्दाम केला. आता काय करायचं ते करा."

माणसांनी एकमेकांकडे पाहिलं नाही, सगळे पायाशी बघत राहिले. शेवटी लेओंतीनच बोलली, हळू आवाजात, जवळजवळ समजूत घातल्यासारखी.

"अगं, आम्हाला काय डोळे नाहीत? जन्म गेला या धक्क्यावर. पाणी चढतंय का उतरतंय ते आम्हाला कळणार नाही होय? सगळ्यांना दिसत होतं."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना. म्हटलं, होऊन जाऊ दे एकदाचं."

ओदीलने वर पाहिलं. बँडवाला, बेकरीवाला, मंडळाचे सभासद, खांद्यावर थोपटणारे, शिंपल्या न घेणारे, सगळे तिथे होते. आज त्यांना पाणी दिसलं होतं आणि ते गप्प बसले होते. वीस वर्षांपूर्वी त्यांनी पट्टीही पाहिली होती. प्रेत त्यांनीच तर चिखलातून उचलून तिच्या दारात आणलं होतं. तिला वाटत आलं होतं, यांना एका माणसाने फसवलं. कुणी फसवलं नव्हतं. ते खोटं त्यांना सोयीचं होतं.

"दिसत होतं ना?" ती म्हणाली. "मग वीस वर्षं हे डोळे कुठे ठेवले होते?"

मंडळाचा एक सभासद, जाड मानेचा, पुढे झाला. "ते असो, ओदीलबाई. पण तुम्ही स्वतःच कबूल केलंत. खोटा हात वर केला म्हणजे बूच आता लेओंतीनकडे..."

"बूच बाई मेल्यावर जातं," ओदील म्हणाली. "रीत ती रीत. विचारा तुमच्या अध्यक्षाला."

ओमेर पायरीवर बसून थरथरत होता. त्याने मान हलवली, हो.

तिने दोरा सावकाश बोटांभोवती गुंडाळला, ओलं बूच झग्याच्या खिशात टाकलं आणि गर्दीतून घरी गेली. वाट आपोआप झाली.

पुढच्या ऑगस्टात नव्या अध्यक्षाने चक्र धरलं आणि पाद्र्यांनी नावं वाचली, त्यात बास्तियें मोरेल होता, ठळक अक्षरात. बूच वळलं. ओहोटी लागली. ओदीलने हात वर केला नाही.

"आता काय राहिलं, ओदीलबाई?" पाद्र्यांनी वरून विचारलं.

"एकट्या तुमचाच आवाज आला, फादर. बाकीच्यांचा नाही आला."

उन्हात टोप्या काढून उभ्या असलेल्या गावाने चुळबुळ केली. मग कुणीतरी ते नाव पुटपुटलं, मग आणखी कुणी, मग लेओंतीन खणखणीत म्हणाली, आणि शेवटी सगळ्या धक्क्याने म्हटलं. तोवर पाणी इतकं उतरलं होतं की खालच्या पायऱ्यांचा चिखल दिसू लागला होता आणि चक्र जेमतेम तरंगलं. ओदील पायऱ्या चढून वर आली. तिची तब्येत उत्तम होती, गुडघे धड होते, दातही बरेच शाबूत होते, आणि तिने खूप जगायचं ठरवलं होतं.